उन्हाळ्यातील किनारा : होडी, कुत्रा आणि कॅमेरा

एप्रिलच्या मध्यास शाळांच्या परीक्षा आटोपतात आणि घाटमाथ्यावरील माणसांची पावले कोकणाकडे वळू लागतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला हा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर लांबीचा आहे. खाड्यांची वळणे हिशेबात धरून अलीकडे झालेल्या मोजणीत तो आणखी लांब भरला. आंबा, काजू, कोकम आणि मासळी यांच्यासाठी येणाऱ्या पाहुण्याच्या हाती आता बहुधा छायाचित्रणाचे साधनही असते. कॅमेरा नसला तरी खिशात भ्रमणध्वनी असतोच. परतताना तो जी छायाचित्रे घेऊन जातो, त्यांत दोन गोष्टी हमखास आढळतात : वाळूवर कललेली होडी आणि तिच्या सावलीत पहुडलेला कुत्रा.

चित्र मनोहर आहे यात शंका नाही. परंतु ते नीट टिपावयाचे असेल, तर किनाऱ्याचे घड्याळ व पंचांग समजून घ्यावे लागते. आणि ते चित्र किनाऱ्याला महाग पडू नये असे वाटत असेल, तर त्यातील कुत्र्याचा विचार जरा अधिक गांभीर्याने करणे आवश्यक आहे. हा विचार पाहुण्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, गावच्या ग्रामपंचायतीने करावयाचा आहे.

किनाऱ्याचे घड्याळ

कोकणातील मच्छीमाराला भरतीची वेळ सांगण्यासाठी छापील तक्ता लागत नसे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध व वद्य या दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून नव्याने सुरू होते. दिवसातून दोनदा, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने भरती येते आणि तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. ही वेळ दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या हिशेबात धरलेली पंचेचाळीस मिनिटे तिच्या किती जवळ येतात, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य करून दाखवावे. हा नियम मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे जाताना भरती थोडी आधी येते. नक्की वेळ हवी असेल तर अर्थातच तक्ता पाहावा.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूर ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. उत्तर कोकणात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळीतील अंतर चार मीटरहून अधिक असते, सिंधुदुर्गाकडे ते बरेच कमी आढळते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा केवळ भूगोल नाही. सकाळी पाण्यावर तरंगणारी होडी दुपारी चिखलात आडवी दिसते ती यामुळेच. ओहोटीने ओल्या झालेल्या वाळूत होडीचे प्रतिबिंब उमटते ते अर्धा-पाऊण तासच. ओली वाळू सुकली की चित्र संपले.

समुद्रात उतरणाऱ्यांसाठी तर हे ज्ञान जीविताशी निगडित आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले दहाहून अधिक विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात बुडून मरण पावले, ही घटना सहल नेणाऱ्या शिक्षकांनी विसरू नये. कमरेइतक्या पाण्यात पाठमोरे उभे राहून छायाचित्र काढून घेणे हा आता सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. त्यात लाट दिसत नाही आणि पायाखालची वाळू सरकल्याचे उशिरा कळते.

प्रकाश आणि होडी

मे महिन्यात कोकणात सूर्य एकदा नेमका माथ्यावर येतो. सिंधुदुर्गात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व मुंबईला महिन्याच्या मध्यास हा शून्य सावलीचा दिवस असतो. त्या सुमारास सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत काढलेली छायाचित्रे बहुधा निराशा करतात. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख राहतो, आकाश पांढरेफटक होते आणि होडीच्या अंगावरील रंग उडाल्यासारखे दिसतात. पहाटेपासून नवाच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर काम करावे.

पश्चिम किनाऱ्यावर सकाळचा सूर्य जमिनीच्या बाजूने, माडांच्या मागून वर येतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहणाऱ्याच्या पाठीशी उजेड असतो. होडीच्या फळ्या, दोरांचे वेटोळे, जाळ्याची गुंफण आणि माणसांचे चेहरे यांसाठी हीच वेळ योग्य. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पाणी बरेचसे शांत असते. दुपारनंतर खारे वारे सुरू होऊन लाटा वाढतात. सायंकाळी सूर्य समुद्रात उतरतो, तेव्हा होडीचा काळा आकार तेवढा उरतो. सूर्यास्ताचे चित्र सर्वांनाच आवडते, परंतु ते कोणत्याही गावचे असू शकते. सकाळच्या चित्रात मात्र गाव ओळखू येते.

एक तांत्रिक बाब येथे सांगावयास हवी. प्रकाश मोजणारी यंत्रणा समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे असे गृहीत धरते. पांढरी वाळू व चकाकणारे पाणी पाहून ती फसते आणि चित्र मळकट येते. अशा वेळी प्रकाश जाणीवपूर्वक थोडा वाढवावा. भ्रमणध्वनीवर पडद्यावरील चेहऱ्याला बोटाने स्पर्श करून उजळपणा वर सरकवला तरी पुरते. काळा कुत्रा किंवा डांबर फासलेली होडी चौकट भरून असेल, तर याच्या उलट करावे. होडीची नाळ ज्या दिशेला असेल त्या बाजूला चौकटीत मोकळी जागा ठेवावी, म्हणजे होडी निघाल्यासारखी वाटते. क्षितिजरेषा मात्र सरळच हवी. समुद्र एका बाजूला सांडत असल्यासारखी चित्रे फार पाहावयास मिळतात.

वाळू आणि खारी हवा हे साधनाचे शत्रू. भिंगावर वाळूचा कण असताना रुमालाने पुसणे म्हणजे भिंगावर ओरखडा काढणे होय. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग मऊ कापडाने पुसावे. भिंग बदलण्याचे काम किनाऱ्यावर करू नये.

होडी ही मात्र देखाव्याची वस्तू नाही. ती एखाद्या कुटुंबाचे भांडवल आहे. तिच्यात चढून बसण्यापूर्वी किंवा जाळ्यावरून चालत जाण्यापूर्वी मालकाला विचारले पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याकडील रापण हे याचे उत्तम उदाहरण. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकून येतात आणि त्याची दोन टोके दोन बाजूंनी माणसांच्या रांगा किनाऱ्यावरून ओढतात. तारली, बांगडा असा त्या दिवशीचा घास जाळ्यात येतो आणि त्याचे वाटे होतात. छायाचित्रकाराला याहून जिवंत विषय मिळणार नाही. परंतु ताणलेल्या दोराच्या आत उभे राहणे धोक्याचे असते आणि ओढणाऱ्यांच्या वाटेत येणे असभ्यपणाचे. चार हात दोराला लावून मग कॅमेरा काढणाऱ्या पाहुण्याला रापणकर नाही म्हणत नाहीत, असा अनुभव आहे. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर किनारी गावांत अनोळखी माणसाने बंदर, धक्का किंवा गस्ती नौकांची छायाचित्रे घेण्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. ड्रोन उडविण्यासाठी २०२१ चे नियम लागू आहेत. स्थळाची परवानगी आधी पाहावी.

प्रवासी होडीत बसताना जीवरक्षक जॅकेट अंगावर चढवून बंद बांधणे ही औपचारिकता नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघाताने हे पुन्हा दाखवून दिले. छायाचित्रासाठी जॅकेट काढावयास सांगणाऱ्याला नावाड्याने नकार द्यावा. सर्वांनी एकाच बाजूला गर्दी करणे तितकेच घातक.

किनाऱ्यावरचा कुत्रा

कोळीवाड्यातील कुत्रा हा पूर्वापार कामाचा प्राणी आहे. वाळत घातलेल्या बोंबील-जवळ्यावरून कावळे व मांजरे हाकलणे, रात्री होड्यांपाशी परका माणूस आल्यास भुंकून जाग आणणे, हे त्याचे काम. मोबदला म्हणून निवडून टाकलेली मासळी त्याला मिळे. या व्यवस्थेत कुत्र्यांची संख्या मासळीच्या उष्ट्याइतकीच राहत असे. पर्यटन वाढले तसे उपाहारगृहांचे व सहलींचे उष्टे किनाऱ्यावर पडू लागले. पाहुणे बिस्किटांचे पुडे फोडून कुत्र्यांना घालू लागले. हंगामात पोट भरते, पिल्ले जगतात. पावसाळ्यात पाहुणे निघून जातात आणि भुकेली टोळी मागे उरते. याखेरीज शहरातून आणलेला कुत्रा किनाऱ्यावर सोडून जाण्याचे प्रकारही घडतात. पाळीव प्राण्याला असे बेवारस सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे, हे फलकावर लिहिण्यास हरकत नाही.

या टोळीचा सर्वांत मोठा बळी डोळ्यांना दिसत नाही, कारण तो वाळूखाली असतो.

कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या रात्री वाळूवर येतात. भरतीच्या रेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद असा खड्डा करून तीत शंभरच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परततात. पुढची जबाबदारी उन्हाने तापलेल्या वाळूवर असते. साधारणतः ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हेदेखील वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. परंतु कुत्र्याला अधिनियम वाचता येत नाही. ताज्या घरट्याचा वास त्याला लांबून येतो आणि एका रात्रीत सर्व अंडी फस्त होतात. कोल्हे, खेकडे, कावळे व घारी हे शत्रू निसर्गाने नेमलेलेच आहेत. त्यांचा हिशेब कासवाने शंभर अंड्यांत धरलेला आहे. माणसाने पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळीचा हिशेब त्यात नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांना बरोबर घेऊन कासव संवर्धनाचे काम सुरू केले. पूर्वी तेथे घरटी माणसेही उकरीत असत. आता पहाटे गस्त घालून मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी न हलवता-उलटवता जपून उचलतात आणि किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. अंडी उचलण्याचे काम काही तासांच्या आत व्हावे लागते, कारण पुढे गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो आणि अंडे फिरल्यास तो दगावतो. जाळीचे कुंपण मुख्यतः कुत्र्या-कोल्ह्यांसाठीच आहे. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची सोय गावातील घरांतच होते आणि त्यांनी दिलेले पैसे गावातच राहतात. वन विभागाच्या सहभागाने हे काम पुढे अन्य किनाऱ्यांवर पसरले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांचा असा संबंध असू शकतो, हे तिने दाखवून दिले.

येथे कॅमेऱ्याचा संबंध पुन्हा येतो. पिल्ले सकाळी व सायंकाळी वाळूवर सोडली जातात आणि ती स्वतःच्या पायांनी समुद्रापर्यंत जातात. त्यांना उचलून पाण्यात टाकावयाचे नसते, कारण या चालीतूनच जन्मकिनाऱ्याची ओळख त्यांच्या ठायी ठसते असे मानले जाते. अधिक उजळ क्षितिजाकडे जाणे हा त्यांचा स्वभाव. काळोखात समुद्राचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते. त्या वेळी मागून चमकदिवा लखलखला किंवा जवळच्या निवासाचा प्रखर दिवा जळत राहिला, तर पिल्ले उलट दिशेने चालू लागतात आणि कुत्र्यांच्या वाटेत सापडतात. अंडी घालण्यास आलेली मादी उजेड दिसताच माघारी फिरते. म्हणून चमकदिवा पूर्णपणे बंद ठेवावा, दोराबाहेर बसून वाळूच्या पातळीवरून चित्र घ्यावे. भिंग जमिनीलगत आणले की दोन इंचांचे पिल्लू आणि त्याच्यासमोरची लाट यांचे खरे प्रमाण चित्रात येते. उभ्याने काढलेल्या चित्रात ते काळा ठिपका दिसते.

आणखी एका प्रकाराची दखल घ्यावी लागते. उडणाऱ्या पक्ष्यांचे चित्र मिळावे म्हणून किनाऱ्यावर बसलेल्या कुरवांच्या थव्यावर कुत्रा सोडला जातो. हे पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडील दीर्घ प्रवासापूर्वी अंगात चरबी साठवीत असतात. दिवसातून दहा वेळा त्यांना उठविणे म्हणजे त्यांची शिदोरी लुटणे आहे. बोटीतून त्यांना फरसाण टाकून जवळ बोलावणे हाही त्याच जातीचा प्रकार.

पाळीव कुत्रा बरोबर नेणाऱ्यांसाठी

स्वतःचा कुत्रा किनाऱ्यावर नेण्यात गैर काही नाही, आनंदच आहे. काही पथ्ये मात्र पाळावीत. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. तळहाताची मागची बाजू वाळूवर काही क्षण टेकवून चटका बसत असेल, तर ती वाळू त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. गोडे पाणी बरोबर ठेवावे. खारे पाणी प्यायल्याने उलट्या व अशक्तपणा येतो. रापणीतून टाकून दिलेला केंड मासा अत्यंत विषारी असतो, त्याला तोंड लावू देऊ नये. होडीत नेताना नावाड्याची संमती घ्यावी आणि पट्टा होडीला न बांधता हातात धरावा. कासवांच्या किनाऱ्यावर तर पट्टा क्षणभरही सोडू नये.

धावणाऱ्या कुत्र्याचे चित्र घेताना गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे आणि झडपेचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळाचा ठेवावा. गावच्या कुत्र्याच्या बाबतीत इतके जवळ जाण्यापूर्वी विचार करावा. पिल्ले घेऊन बसलेली कुत्री व खात असलेला कुत्रा यांपासून दूरच राहावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची असे काही लावू नये. श्वानदंशाचा रोग एकदा प्रकट झाला की त्यावर खात्रीचा इलाज नाही.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे

कुत्रे पकडून दूर नेऊन सोडावेत, ही सूचना ग्रामसभेत हटकून येते. ती कायद्याला धरून नाही व उपयोगाचीही नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ ठिकाणीच सोडावयाचे असते आणि हे काम मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. यामागे साधे कारण आहे. एक टोळी हलविली की मोकळ्या झालेल्या उष्ट्यावर शेजारच्या वाडीतील दुसरी टोळी येते, आणि तिला लस टोचलेली असेलच असे नाही. लहान ग्रामपंचायतीला एकटीने हा खर्च झेपणार नाही, ही अडचण खरी आहे. लगतच्या चार-पाच गावांनी एकत्र येऊन पंचायत समिती व पशुसंवर्धन विभागामार्फत एकच शिबिर घेणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग दिसतो.

निर्बीजीकरणाचे फळ दिसण्यास काही वर्षे लागतात. उष्ट्याचा बंदोबस्त मात्र याच हंगामात होऊ शकतो. गावची स्वच्छता हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे पंचायतीचे कर्तव्यच आहे. किनाऱ्यावरील खाद्यगाड्यांना झाकणाचे पिंप ठेवण्याची अट घालणे, मासळीचे टाकाऊ भाग दररोज उचलणे किंवा खोल पुरणे, कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा वाळूपासून दूर, वस्तीच्या मागील बाजूस ठरवून देणे, एवढे झाले तरी रात्री वाळू हुंगत फिरणाऱ्या कुत्र्यांची संख्या घटते. गाडी थेट वाळूवर उतरविण्यास तर अडथळाच उभा करावा. चाकांखाली घरटी दबतात आणि उधाणात रुतलेली गाडी काढण्यास पुन्हा गावचीच माणसे लागतात.

मेच्या अखेरीस प्रवासी होड्यांची वाहतूक थांबते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात, सांधे बुजवून त्यांना तेल पाजले जाते आणि माडाच्या झापांनी त्या शाकारल्या जातात. छायाचित्रकाराला या आठवड्यात जे दिसते ते हंगामात कधीच दिसत नाही, पण तोवर बहुतेक पाहुणे परतलेले असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात जातात. कासवांच्या माद्या नोव्हेंबरपासून येऊ लागतात. तेव्हा कुत्र्यांचे शिबिर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेरपर्यंत आटोपले पाहिजे. त्यासाठीचा ठराव व खर्चाची तरतूद होड्या शाकारलेल्या असतानाच ग्रामसभेत मंजूर व्हावयास हवी.